लाल ठिपक्याची पट्टी

मी रॅमची पट्टी बोलतेय. घरातल्या कॉम्प्युटरच्या पेटीत, पंख्याच्या शेजारी उभी असते ती मीच. वीतभरही लांब नाही. हिरव्या अंगावर आठ काळे चौकोन आणि खालच्या कडेला ओळीने सोनेरी दात. ओळख नीट करून देते, कारण माझ्याविषयी काहीबाही सांगणारे फार.

लोक मला मेमरी म्हणतात. माणूस समोर जे काम करत बसलाय, ते तेवढा वेळ धरून ठेवायचं, हे माझं काम. कायमचं जपणारी डिस्क वेगळी. ती सुस्त आहे, पण विसरत नाही. मी चपळ, आणि वीज गेली की माझं पोट रिकामं. मग ही हकिगत कशी सांगतेस, असं विचाराल. विचाराच. उलट विचारणारी माणसं मला आवडतात. उत्तर शेवटी देईन.

मी जन्मले त्या कारखान्यात माणसं नखशिखांत झाकून वावरत. धुळीच्या एका कणावरही तिथे पाळत असे. संशय मी तिथेच शिकले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

या घरात मला मुलाने आणलं. पुढे त्याला मांडीवरचा कॉम्प्युटर मिळाला आणि आमची पेटी त्याच्या आईच्या शिवणाच्या खोलीत गेली. बाईंनी पन्नास वर्षं कपडे शिवले. शाळेत फारशा गेल्या नाहीत. आकडे मापाच्या टेपवर शिकल्या, अक्षरं कागदी पिशव्यांवर, आणि सत्तरी ओलांडल्यावर एका बोटाने टाईप करायला. कुणी शिकवायला आलं तर म्हणत, “सरक, मला चुकू दे.”

बाई पुस्तक करत होत्या. फ्रॉक, कोट, कॉलर, बाही, सगळ्यांच्या कापणीची चित्रं, एकशेचाळीस. शिवणवर्गातल्या बायकांना हवं होतं आणि छापखान्याने शनिवारची मुदत दिली होती. पण तिसावं चित्र उघडलं की माझा श्वास कोंडे आणि पडदा जागीच थिजे.

“आई, भंगारात द्या हो ते डबडं,” सून म्हणाली.

“मलाही देशील उद्या,” बाई म्हणाल्या आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

तो म्हणाला, मेमरी वाढवावी लागेल; जुनी पट्टी काढून त्याच्याकडे दिली तरी चालेल. झालं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. माझ्याही, मला कपाळ असतं तर.

“जुनी कुठे जाणार नाही,” बाई म्हणाल्या. “तिच्याशेजारी नवी बसव.”

बाईंची एक सवय सांगायला हवी. गिऱ्हाइकाचं कापड बाहेर शिवायला दिलं, तर त्याच्या उलट्या बाजूला कोपऱ्यात त्या रंगीत दोऱ्याचा एक टाका घालत. कुणी कापड बदललं तर टाका चुगली करे. मला टाका कसा घालणार? शुक्रवारी सकाळी, तो यायच्या आधी, बाईंनी वीज बंद केली, पेटी उघडली, दोन्ही टोकांच्या कड्या दाबून मला बाहेर काढलं आणि सुनेच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका माझ्या कोपऱ्यात ठेवला. चष्मा मशीनच्या खणात होता. ठिपक्याचा ओघळ थेट माझ्या दातांवर उतरला. मी ओरडले, पण ऐकणार कोण? ओलीच होते, तशीच खाचेत ठोकली.

दुरुस्तीवाला आला. चाळिशीचा, सावकाश बोलणारा. बाई खुर्ची ओढून त्याच्या कोपराशी बसल्या. त्याने नवी पट्टी माझ्या शेजारी बसवली आणि बटण दाबलं. बीप, बीप, बीप. पडदा काळा.

त्याने नवी काढून मला एकटीला चालवून पाहिलं. पुन्हा तेच.

“सकाळपर्यंत धड होती,” बाई म्हणाल्या. “बदललीस.”

“मावशी, तुम्ही माझ्या मांडीवरच बसायच्या बाकी आहात. बदलेन कधी?”

“डोळ्यांदेखतच बदलतात. खिसा दाखव.”

त्याने शर्टाचा खिसा उलटा केला. शिवण टरकन उसवली. रुमाल पडला, पेचकस पडला, आणि पडली एक हिरवी पट्टी. हुबेहूब माझ्यासारखी. त्या क्षणी मलाही वाटलं, गडी पक्का आहे.

“ही दुसऱ्या घरची, बिघडलेली,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“माझ्या पट्टीवर खूण आहे,” बाई म्हणाल्या. “तूच शोध.”

खिशातली उलटीपालटी केली, कोरी. मग त्याने मला बाहेर काढून उजेडात धरलं. कोपऱ्यात लाल ठिपका आणि त्याच्याखाली लाल दात. मला नुसतं बाईंच्या पुढे धरलं. बाईंनी चष्मा मागवला, लावला, आणि लाल दातांवरून बोट फिरवलं.

दारातून सून म्हणाली, “म्हणजे माझी बाटली इथे आहे. मी सकाळपासून शोधतेय.”

“मग नखांचा रंग काढायचं पाणी पण आण,” बाई म्हणाल्या. “आणि दात काढू नकोस.”

त्याने कापसाच्या टोकाने माझे दात पुसले, वर खोडरबर फिरवलं; कोपऱ्यातला ठिपका तेवढा राहू दिला. पेटी सुरू झाली. आता आम्ही दोघी. एकशेचाळीस चित्रं उघडली आणि पडदा थिजला नाही.

दुरुस्तीवाला निघाला तेव्हा बाईंनी वाट अडवली. “शर्ट काढ.”

“राहू दे, मावशी.”

“मी फाडायला लावलाय. काढ.”

तो बनियनवर बसून चहा प्यायला. बाईंनी खिसा शिवला, आतून अस्तर लावलं. माफीचा शब्द काढला नाही. पण शर्ट देताना म्हणाल्या, “हा आता जन्मात उसवणार नाही.” तो हसला. माझ्या लेखी हिशेब मिटला.

मग बाई टेबलाशी बसल्या आणि पुस्तकाच्या पहिल्याच पानावर एका बोटाने लिहिलं: “खूण करताना चष्मा लावावा. जी कड कामाची, तिच्यापासून खूण लांब ठेवावी. हे मी चुकून शिकले आहे.” ते वाक्य आधी माझ्या पोटात आलं, मग डिस्कवर गेलं. शनिवारी पुस्तक छापखान्यात पोचलं.

आजही मी माझ्या जागी आहे. शेजारीण गोडबोली आहे. माझा विश्वास बसलेला नाही. तुम्हीही माझ्यावर फार विसंबू नका. लिहिलेलं वेळच्या वेळी सेव्ह करत जा. वीज गेल्यावर मी कुणाची नाही.

आणि ते उत्तर राहिलंच. पोटात असतं ते सगळं जातं. ही हकिगत पोटात नाही, कोपऱ्यात आहे. तो लाल ठिपका वीज गेल्यावरही राहतो.