पुसलेली फुली आणि निळी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे, लसी गार ठेवणारी. माझं झाकण जरा तिरकं बसतं, पट्टा दोनदा शिवलाय. पण गारवा अजून शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवते. कारखान्यातून निघाले ती थेट पुण्यातल्या एका पेठेतल्या महापालिकेच्या दवाखान्यात आले. तिथल्या आशा सेविका कुसुमताई मला खांद्याला अडकवून पोलिओच्या रविवारी गल्ल्या पालथ्या घालत. घर झालं की दारावर खडूने बरोबरची खूण, राहिलं की फुली. मला पाहताच पोरं आपणहून तोंड उघडत. काय ऐट होती माझी!

मग करोना आला. गल्ल्या पत्रे ठोकून बंद झाल्या आणि मी कपाटावर धूळ खात पडले. फार वाईट वाटायचं. कुसुमताई दारोदार ताप विचारत हिंडत होत्या. एके दिवशी दवाखान्यातल्या सरोजिनी डॉक्टर त्यांना म्हणाल्या, "नुसता ताप काय विचारता? घरात काय संपलंय तेही विचारा."

झालं! कुठे पीठ संपलेलं, कुठे गोळ्या. अशा दारावर फुली, आणि दुसऱ्या दिवशी तिथे सामान. चार घरांत मधुमेहाचं इन्सुलिन संपत आलं होतं. इन्सुलिनला गारवा लागतो, म्हणजे मीच हवी! ताईंनी मला खाली काढलं, पुसलं, बर्फ भरला. चार बाटल्या रुमालात गुंडाळून माझ्या पोटात ठेवल्या. मला आभाळ ठेंगणं झालं.

दिवसाला शंभर घरं. ताई नावं नाही, फुल्या बघत. तीन बाटल्या पोचल्या. गल्ली संपली तरी चौथी माझ्यातच! बर्फ वितळू लागला. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला कुठली जीभ? ताई उलट्या पावली धावत सुटल्या, एकेक दार न्याहाळत. एका हिरव्या दारावर खडूचा पुसट डाग दिसला.

ते पुस्तकबांधणी करणाऱ्या दादामियाँचं घर. त्यांचं औषध सकाळीच संपलं होतं आणि फ्रिजही बिघडलेला. त्यांच्या बेगम कमरजहां दारात आल्या. "ताई, सकाळी फुली होती. मला वाटलं, आम्हालाच विसरलात."

समोरच्या गॅलरीतून श्यामसुंदरकाका म्हणाले, "मी पुसली. फुली पाहून माणसाला करोना केंद्रात उचलून नेतात, असं ऐकलं. म्हणून ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली."

"स्वच्छ कुठे? डाग राहिला, म्हणून तर घर सापडलं," ताई म्हणाल्या. "आता तुमच्या फ्रिजमध्ये यांच्या बाटलीला जागा करा."

काका आत वळत हळूच म्हणाले, "दुधाचं पातेलं हलवतो."

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गॅलरीतून हाक येई, "दादामियाँ, वेळ झाली." दादामियाँ आजही ठणठणीत आहेत.

मित्रांनो, आता नव्या पेट्या आल्यात, मी पुन्हा कपाटावर आहे. कधी आलात तर माझ्यावरची धूळ खुशाल पुसा. पण कुणाच्या दारावरची फुली पुसण्याआधी ते दार एकदा वाजवा.