थंडीसाठी जाड तेल

आता जे सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. इंद्रजीतचा तर नाहीच. तो पडला मेकॅनिक, आणि मेकॅनिकला दुसऱ्यानं चालू केलेली गाडी कधी खरी वाटत नसते. हर्सूलला त्याच्या गॅरेजसमोर आम्ही चार-पाच म्हातारे संध्याकाळचा चहा घेतो. परवा ही गोष्ट मी तिथं सांगितली. तशीच इथं लिहितो.

"असली थंडी मी सत्तर वर्षांत पाहिली नाय," मी सुरुवात केली. "तलावावर एका बगळ्यानं पाय वर घेतला, तो चार दिवस खालीच येईना."

"मग पाचव्या दिवशी?" इंद्रजीतनं विचारलं.

"दुसरा पण वर घेतला."

"पडला नाय व्हय, बद्रीकाका?"

"पडतो कसा? हवाच घट्ट झालेली."

सगळे हसले. मला मात्र हसू येईना, कारण पुढचं बरंचसं खरं होतं.

माझी नात तनुजा वाळूजला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेली. तिथला कायदा असा, की वर्षात तीनदा उशीर झाला की नाव कटलं. दोनदा झालेला होता. तिच्या शिकाऊ वर्षाचा शेवटचा दिवस शुक्रवारी. त्या दिवशी सहाच्या आत गेटातून गेली तर पोरगी कायम, नाही तर वर्षभराचं पहाटे उठणं पाण्यात. हर्सूलहून वाळूजला जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. कंपनीची बस आमच्याकडं येत नाही. सगळी मदार तिच्या मोटारसायकलवर.

आदल्या आठवड्यात ती सहज म्हणाली, "आबा, सकाळी गाडी कुरकुर करती. तेल बदलायला झालंय."

झालं. माझ्यातला शहाणा जागा झाला. रविवारी ती गारखेड्याला मैत्रिणीकडं गेली, ती मैत्रिणीच्याच स्कूटीवर. इकडं मी तिच्या गाडीखाली घमेलं ठेवलं आणि नट खोलला. आतून तेल आलं ते काळं आणि पाण्यासारखं पातळ! लेकराला कुणीतरी फसवलं, म्हटलं. थंडीत माणूस पातळ चादर घेतो का जाड गोधडी? आमच्या कोठीत ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा होता, काकवीसारखं दाट तेल. त्यातलं लिटरभर गाडीत ओतलं. धार एवढी संथ, की मधल्या वेळात माझं पान खाऊन झालं. जुनं तेल फाटकाच्या बिजागऱ्यांना आणि उरलेलं कुंपणाच्या खांबांना फासून टाकलं.

सोमवारी कामावरून आल्यावर ती गाडीपाशी जरा वेळ उभी राहिली.

"आबा, गाडीला हात लावला व्हता का कुणी?"

"नाय बा," मी म्हणालो.

ती खांद्यावरची पिशवी सावरत आत गेली. मंगळवारी कोठीत गेलो तर डब्यातलं तेल चांगलं चार बोटं वर आलेलं. थंडीनं फुगलं असेल, म्हटलं. दूध नाही का वर येत?

गुरुवारी संध्याकाळी गॅरेजसमोरच्या बाकावर बसलो होतो. इंद्रजीत एका गिऱ्हाइकाला समजावत होता.

"दादा, डब्यावर दहा डब्ल्यू तीस लिहिलंय ना? ते डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर पळतं. दाट तेल पहाटे गोठल्यासारखं बसतं. बटन दाबलं तर इंजिन हलत नाय. अन् ट्रॅक्टरचं तेल तर चुकूनबी नको, मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात भिजत असतो. तो घसरतो."

मी हातातला कप बाकावर ठेवला.

तिथल्या तिथं उठून म्हणायचं होतं, इंद्रजीत, एक पातळ तेलाचा डबा दे आणि घरी चल. पण मग सगळ्या हर्सूलला कळलं असतं, की बद्रीनाथनं नातीच्या गाडीत ट्रॅक्टरचं तेल घातलं. मी गप्प बसलो. नातीच्या नोकरीपेक्षा मला माझी इज्जत मोठी वाटली. हे मी परवा गॅरेजवर बोललो नाही, इथं लिहितो.

घरी आलो तर तनुजा जेवून झोपलेली. उशाशी डबा, टोपी, हातमोजे, सगळं रांगेनं मांडून ठेवलेलं. उठवावं म्हणून दोनदा हात पुढं केला, दोन्ही वेळा मागं घेतला.

पहाटे चारला उठलो. गाडीवर गोधडी घातली. बायकोची, द्वारकाबाईंची, गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी इंजिनाला सुतळीनं बांधली. शेगडी पेटवून आणली, तर द्वारकाबाई दारात उभ्या.

"पेट्रोलच्या गाडीखाली शेगडी? घर जाळता का आता?"

"हळू बोल, ती उठंल."

"अन् माझी पिशवी कुठंय?"

"तिला पण थंडी वाजती," मी गाडीकडं बोट दाखवलं. द्वारकाबाईंनी शेगडी उचलून नेली. मी तळहात चोळून चोळून इंजिनाला लावत बसलो. आपला देव, गाडीचा देव, वाळूजच्या वॉचमनचा देव, सगळ्यांना हात जोडले. पाच वाजले. तनुजा टोपी बांधत बाहेर आली. मी पिशवी धोतरात लपवली.

इथपर्यंत सांगितलं तेव्हा गॅरेजवर कुणी चहाचा घोट घेत नव्हतं.

"मग?" इंद्रजीत म्हणाला.

एवढे कान मिळाल्यावर माणसानं काय करावं?

"मग काय! बटन दाबलं, तर नुसतं 'घुंऽ'. पाच दहा झाले. किक मारली, तर किकनंच तिला मागं फेकलं. पाच वीस. पोरीच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, बाजूला हो. एकोणीस किका मारल्या मी! विसाव्या किकला इंजिनाच्या कानात म्हणालो, बाई, चूक माझी आहे, पोरीवर राग का काढतीस? तशी गाडी जी गरजली, पलीकडं हर्सूलच्या जेलमधले कैदी हजेरीला उठून उभे राहिले. पाच बावन्नला निघाली ती सहाला दोन कमी असताना गेटाच्या आत."

"सहा मिनिटांत हर्सूल ते वाळूज?"

"उतार आहे."

"काका, मधी अख्खं शहर आहे!"

"गाडीला कुठं माहीत?"

पण या वेळी हसायचं सोडून सगळे माझ्या पाठीमागं बघायला लागले. मी वळलो. तनुजा चेन घट्ट करून घ्यायला आली होती. हेल्मेट हातात, गळ्यात कायम कामगाराचं नवं ओळखपत्र. कधीपासून उभी होती देव जाणे.

"खोटं बोलताय, आबा," ती म्हणाली. "गाडी पहिल्याच बटनाला चालू झाली व्हती. अन् डब्यातलं तेल थंडीनं फुगलं नव्हतं. सोमवारी क्लच घसरायला लागला तवाच मी वाळूजला तेल बदललं, अन् तुमचं बाटलीत भरून आणून परत डब्यात ओतलं. चार दिवस वाट बघितली मी, आबा आता सांगतील, मग सांगतील."