पायरीतला खिळा

उंची मोजायची पालिकेची मूळ खूण रस्त्याच्या कामात गाडली गेली, तेव्हा मोजणी खात्यातल्या बाबांनी तात्पुरती म्हणून आपल्याच घराच्या पायरीत पितळी खिळा ठोकला. पुढची बावीस वर्षं गल्लीतल्या घरांच्या उंच्या ते त्या खिळ्यापासून मोजत राहिले. जमिनीखाली जिप्समचा मऊ दगड, पाणी मुरतं तसा तो विरघळतो, आत पोकळी होते. मागच्या गल्लीतली दोन घरं अंगणासकट गडप झाली होती.

बाबांच्या वहीत मात्र एकही घर खचत नव्हतं. उलट सगळी कणाकणानं वर येत होती. "एक मजला फुकट मिळणार तुम्हाला," असं ते शेजाऱ्यांना म्हणत आणि मोजपट्टी झिजली असेल म्हणून नवी आणत. तीनदा आणली. शेवटच्या वर्षी शेजारी एकदम तीस मिलिमीटर वर गेले, तेव्हा त्यांनी आपल्या थरथरत्या हाताला दोष दिला.

ते गेल्यावर दीड महिन्यानं मुलीनं, तीही मोजणीतलीच, गावाबाहेरच्या, कधी न खचणाऱ्या कातळापासून मोजत आणलं. शेजारी जागच्या जागी होते. खिळा खाली गेला होता.

आई भाजी निवडत होती.

"आई, आजच निघायचं. मामाकडे."

"का म्हणून? घर केसभर हललेलं नाही. त्यांनी मोजलंय."

"घरापासूनच मोजत होते गं. चुकले ते."

"ते चुकले? पट्टी सरळ धरायला तुला कोणी शिकवलं, शहाणे?"

"आई, दार महिनाभर लागत नाहीये."

"दार फुगलंय. तुला जायचं तर जा. मी त्यांच्या शब्दावर इथंच राहणार."

मुलीनं वही आणली, शेवटचं पान उघडलं.

"अक्षर कोणाचं?"

"त्यांचं."

"शेजारी तीस वर, म्हणजे आपण तीस खाली. त्यांनीच लिहून ठेवलंय."

आईनं आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?"

नव्हतं. पण तसं सांगितलं असतं, तर आई जागची उठली नसती.

"हो," मुलगी म्हणाली.

"आणि मला इथं झोपवत राहिले?"

आई उठली. दोन लुगडी, औषधांचा डबा, चष्मा. पिशवी पाच मिनिटांत भरली. मुलीनं भिंतीवरचा बाबांचा फोटो काढायला हात वर केला.

"राहू दे," आई म्हणाली, आणि मागे न बघता पायरी उतरली.