पिवळा दिवा वाचणारा डबा

मित्रांनो, मला कुठल्याही दुकानात शोधू नका, मी विकत मिळत नाही. मी एक जुना, घरी बनवलेला डबा आहे. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की तो का लागला हे मी दाखवतो. गाडी आपलं दुखणं आकड्यांत साठवून ठेवते. माझी वायर स्टिअरिंगखाली जोडली, की ते आकडे आणि त्यांचा अर्थ माझ्या पडद्यावर येतो. हल्ली माझा मुक्काम गॅरेजच्या फळीवर, ग्रीसच्या डब्याशेजारी असतो. शेजार तसा वाईट नाही.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. गॅरेजवाल्या मिस्त्रींची सून टीव्ही दुरुस्त करायची आणि तिचं सगळं काम तिथंच चालायचं. माझं अंग साखरेच्या प्लास्टिकच्या डब्याचं, पडदा मोडीत निघालेल्या प्रिंटरचा आणि बटण दरवाजाच्या घंटीचं. मी पुरा होईपर्यंत घरचे तीन आठवडे ताटं मांडीवर घेऊन जेवले.

तिनं हा उद्योग का मांडला, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मला मात्र ठाऊक होतं. मिस्त्रींनी आयुष्यभर कानानं काम केलं होतं. बॉनेट उघडायच्या आधीच ते इंजिनाचा दोष सांगायचे. आता तेच कान जात चालले होते. गिऱ्हाईक एक विचारायचं, मिस्त्री भलतंच उत्तर द्यायचे. लोकांना कळलं तर गाड्या यायच्या बंद होतील, या धास्तीनं त्यांनी चार वर्षं याविषयी चकार शब्द काढला नव्हता. कानांचं काम डोळ्यांनी भागावं म्हणून तिनं मला बनवलं आणि माझ्यावरची अक्षरं चांगली ठसठशीत ठेवली.

"बाबा, गंमत म्हणून केलाय. वापरून तर बघा," ती म्हणाली.

"म्हणजे आता साखरेचा डबा मला गाड्या शिकवणार?" असं म्हणून त्यांनी मला टायरच्या ढिगावर टाकलं. मला फार वाईट वाटलं.

पण एकदा एका टेम्पोनं त्यांना दोन दिवस छळलं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी गुपचूप माझी वायर जोडली. मी सांगितलेला भाग त्यांनी तपासला आणि टेम्पो सुरळीत चालू लागला. "लेकाचा हुशार आहे!" ते म्हणाले. त्या दिवसापासून मला पुसायला वेगळं फडकं आलं. ज्यांनी नाक मुरडलं होतं, तेच आता डोळे झाकून माझं ऐकू लागले. घोटाळा झाला तो इथेच.

घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणाऱ्या एका नर्सबाईंची गाडी आली. मी दाखवलं, इंजिनाच्या चार सिलिंडरपैकी तिसरा नीट पेटत नाही. मिस्त्रींना मोजावं लागू नये म्हणून सुनेनं माझ्यात चार चौकोनांचं चित्र घातलं होतं. डावीकडून तिसरा चौकोन लुकलुकला. मिस्त्रींनी तिथला प्लग बदलला, दिवा घालवला आणि गाडी दिली. इंजिन गरम झालं की अडखळतं, हे त्यांना ऐकूच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई परत आल्या. "काका, गाडी चौकात बंद पडली. तिकडे एक म्हातारबाबा जखम उघडी ठेवून तासभर माझी वाट बघत होते."

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि ते स्टुलावर बसले. "आता गॅरेज बंद केलेलं बरं," ते सुनेला म्हणाले. मला वाटलं, आपला स्फोट झाला असता तरी परवडलं असतं.

थोड्या वेळानं ते उठले. त्यांनी गरम इंजिन चालू ठेवलं आणि गाडीच्या अंगावर तळवा टेकवून एकेका सिलिंडरची वायर काढून पाहिली. बाकी तिघांची काढली, तेव्हा थरथर वाढली. डावीकडून दुसऱ्याची काढली, तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे तो आधीच पेटत नव्हता, दोष तिथं होता.

सुनेनं कपाळाला हात लावला. "बाबा, या इंजिनाचे नंबर उजवीकडून सुरू होतात! मी चित्र डावीकडून काढलं."

"म्हणजे चूक या डब्याची तर!" नर्सबाई म्हणाल्या.

मित्रांनो, सुटकेची वाट उघडी होती. मिस्त्रींनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी मला फडक्यानं पुसलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "डबा चुकला, ते खरं. पण इंजिन अडखळतंय हे मला कळायला हवं होतं. मला ऐकू येत नाही हो, ताई. बरीच वर्षं झाली."

नर्सबाई चालत त्यांच्यासमोर आल्या आणि सावकाश म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं? गाडी कधी नेऊ?"

"तासाभरात," मिस्त्री म्हणाले. हा प्रश्न त्यांना पहिल्याच खेपेला कळला होता.

माझं चित्र त्याच दिवशी सुधारलं. त्याला दहा मिनिटं लागली, कारण चूक कबूल करायला आम्हा यंत्रांना लाज वाटत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्यांवर धूळ साचू देऊ नका, वायर हिसकून उपटू नका, आणि मी सांगेन ते एकदा हातानं पडताळून बघा. आणि तुमच्या घरात कुणी आपलं उणं लपवून वावरत असेल, तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. तो बोलेल, फक्त त्याला घाई करू नका.