लाल्याचा रकाना

"पाच डॉलर घेतले मेल्यांनी, आणि चहात नुसता बर्फ," मिस क्लिओथा माझ्या कानाशी पुटपुटल्या. "त्यात ही पुढची टोपी. मी इथं चमत्कार बघायला आलेय की कापडी फुलं?"

"जरा डावीकडे झुका," मी म्हटलं.

"ऐंशी वर्षांची आहे मी, टीन. झुकले की झुकलेलीच राहते."

आमच्या पर्किन्स लँडिंग गावातल्या मासळीच्या हॉटेलातली मागची खोली एरवी वाढदिवसाला नाहीतर दफनानंतरच्या जेवणाला उघडते. त्या शनिवारी दुपारी तिथं क्रॅप्सचं, म्हणजे फाशांच्या जुगाराचं, हिरव्या कापडाचं टेबल मांडलं होतं आणि त्याच्याभोवती चाळीस माणसं गुळाभोवती माश्या बसाव्यात तशी चिकटली होती. टेबलाच्या टोकाला मोतिया रंगाच्या सुटात प्रोफेसर लाफायेट प्रेंटिस उभे होते. कुठल्या कॉलेजचे प्रोफेसर, हे कोणी विचारलं नव्हतं. एवढा चांगला सूट असल्यावर विचारतं कोण?

"बंधूंनो, भगिनींनो!" प्रोफेसरांनी दोन लाल फासे दिव्याकडे धरले. "घोडा स्वार ओळखतो, फासा हात ओळखतो. तीन ठिपक्यांची बाजू वर, बोटं तीन, श्वास एक. आणि मनात फक्त प्रेम."

"आमेन," मागून कोणीतरी म्हणालं.

फासे गेले, टेबलाच्या पलीकडच्या कडेच्या रबरी खवल्यांवर आपटले, उडाले, गडगडले. आठ. पुन्हा टाकले. पाच. मग दहा, सहा, नऊ, पुन्हा सहा. ओळीने चौदा दानं झाली आणि तो एकदाही पडला नाही. खोलीत अशी शांतता, की तळणीतला मासा ऐकू येत होता.

"तो" म्हणजे सात. खेळ साधा आहे. सुरुवातीला एक आकडा ठरतो, आणि तो पुन्हा पडेपर्यंत फासे टाकत राहायचं. आकडा पडला तर जिंकलात. मध्येच सात पडले तर लावलेलं सगळं गेलं, आणि फासे पुढच्याच्या हाती. म्हणून आमच्या या नदीकाठच्या डेल्टात टेबलाशी उभं राहून सात हा शब्द कोणी उच्चारत नाही. नाव घेतलं की तो येतो म्हणे. त्याला म्हणायचं लाल्या. कोणी चुकून बोललाच, तर भलीभली देवमाणसं त्याला दाराबाहेर काढतात. नदीवरच्या कॅसिनोत बावीस वर्षं मी वाकड्या काठीने फासे ओढले आणि दान पुकारलं. अख्ख्या टेबलावर सात म्हणायचा परवाना माझ्या एकटीला. ते मी म्हटल्यावर लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे, त्या नजरेने कोणी सापाकडेही बघत नसेल. शाळा मी नववीत सोडली. माझं गणित झालं ते त्या टेबलावर.

त्या दुपारी मात्र मी गणितासाठी आले नव्हते. माझ्या भावासाठी आले होते.

माझा भाऊ ओडेल म्हणजे गावचा न्हावी. चाळीस वर्षं त्याच्या वस्तऱ्याखाली गावाने माना दिल्या. गेल्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरू लागला. आधी नुसता अंगठा, मग सगळा पंजा. कोणी काही बोललं नाही. फक्त गावातल्या पुरुषांना एकाएकी दाढी-केस वाढवायची हौस आली. रविवारी चर्चमध्ये बसलं की मागून बघताना मेंढरांचा कळप वाटायचा. मार्चमध्ये ओडेलने दुकान बंद केलं. म्हणाला, "कंटाळा आला." आम्ही म्हटलं, "येणारच की." मीही म्हटलं. सख्खी बहीण मी, पण थरथर हा शब्द माझ्याही जिभेला उचलवला नाही.

त्याची बायको वर्लीन हिने चार महिने फोन करकरून मेम्फिसच्या मेंदूच्या डॉक्टरची वेळ मिळवली होती, येत्या मंगळवारची. आणि प्रोफेसरांचा 'पक्का हात' नावाचा वर्ग सुरू होणार होता त्याच मंगळवारी. तीस दिवस, नऊशे डॉलर, तांब्याचं कडं फुकट.

"ब्रदर ओडेल, तुमच्या हातात लाल्या अडकलाय," प्रोफेसरांनी त्याला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, आणि कडं आगाऊच त्याच्या मनगटात चढवलं होतं. "तो बाहेर पडायला धडपडतो, म्हणून ही झुळूक. पकड शिका. लाल्या गेला की झुळूकही गेली."

झुळूक! किती गोड शब्द. ओडेलला तो इतका आवडला, की त्याने वर्लीनला मेम्फिसची वेळ रद्द करायला सांगितली. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली, आणि रडता रडता तिने बागेतल्या चवळीच्या शेंगांची पाटी माझ्यापुढे ठेवली. "एवढ्या मला एकटीने सोलवत नाहीत," म्हणाली. ती पाटी घेऊन मी शनिवारी मासळीच्या हॉटेलात आले. आमच्याकडे बाई शेंगा सोलत बसली, की तिला कोणी काही विचारत नाही.

प्रोफेसरांनी आल्या आल्या सगळ्यांना वह्या वाटल्या होत्या. पानावर छापील रकाने: चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा, आणि शेवटी 'इतर'. दान पडलं की त्याच्या रकान्यात रेघ मारायची.

"लाल्याचा रकाना कुठाय?" मी शेंगा सोलता सोलता विचारलं.

खोलीने एकदम श्वास आत घेतला. प्रोफेसर हसले, अगदी क्षमाशील. "सिस्टर, सैतानाला कोणी घरात खोली देतं का?"

"आमेन," मागचा म्हणाला.

पंधरावं दान पडलं, चार आणि तीन. टोप्या खाली झाल्या. दोघांनी लाकडाला हात लावला. कोणीही वहीत काही लिहिलं नाही.

"कोणीतरी मनात नाव घेतलं," प्रोफेसर खेदाने म्हणाले. "हे दान धरायचं नाही."

मी एक चवळीचा दाणा माझ्या चहाच्या रिकाम्या पेल्यात टाकला. बाकीच्या चौदा दानांचे चौदा दाणे आधीच शेजारच्या वेगळ्या परातीत होते.

तासभर असंच चाललं. आकडा पडला की जयजयकार, वहीत रेघ, परातीत दाणा. लाल्या पडला की माना खाली, वही कोरी, पेल्यात दाणा. आणि दर वेळी दोष कोणाचा तरी: कोणी खोकलं, कोणी पाय हलवला, एकदा तर आचाऱ्याने नको तेव्हा मासा उलटला. मध्येच प्रोफेसरांनी पैसे लावायची 'शिडी'ही शिकवली. हरलात की दुप्पट लावा, पुन्हा हरलात की पुन्हा दुप्पट. "एकदा तरी जिंकालच ना? की सगळं वसूल!"

"पाचाने सुरू केलं आणि सहादा हरलात, तर पुढच्या पायरीला तीनशे वीस लावायचे," मी म्हटलं, "आणि ते जिंकून हातात काय? पाच डॉलर. त्याच्या वरच्या पायरीला कॅसिनोवाला म्हणतो, बस, या टेबलावर एवढे घेत नाही. ती शिडी चढून गेलेली माणसं मी बघितली आहेत, प्रोफेसर. उतरायला त्यांच्या पायात बूट नव्हते."

"या आमच्या टीनबाईंना आनंदाची ॲलर्जी आहे," प्रोफेसर म्हणाले. सगळे हसले. ओडेलही हसला, उजवा हात खिशात खुपसून.

शेवटी प्रोफेसरांनी घाम पुसला. "मोजा! किती पवित्र दानं झाली?"

वह्या मोजल्या. नव्व्याण्णव.

"नव्व्याण्णव दानं, आणि वहीत लाल्या एकही नाही!" टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. ओडेलने खिशातून पाकीट काढलं. त्याच्या शेजारी बसलेल्या वर्लीनने माझ्याकडे बघितलं.

मी उठले आणि पेला टेबलावर उपडा केला.

"हे घ्या बाकीचे. परातीत नव्व्याण्णव, आणि हे एकवीस. पाहिजे तर मोजून घ्या. दानं झाली एकशे वीस. त्यात सात पडले एकवीस वेळा."

"शब्द!" कोणीतरी किंचाळलं.

"सात," मी पुन्हा म्हटलं. "सात, सात, सात. बघा, छप्पर जागेवर आहे."

मिस क्लिओथांनी छताकडे बघून खात्री केली.

"आता ओडेल टाकेल," मी म्हटलं. "एकशे वीस दानं. आणि या वेळी लाल्यालाही रकाना."

"तो?" प्रोफेसरांचा आवाज घसरला. "असल्या हाताने?"

सगळे ओडेलकडे वळले. ओडेलचे कान तापलेले मला इथून दिसले. मला वाटलं, आता हा उठून जाणार. पण न्हाव्याला त्याच्या हातावरून बोललेलं खपत नाही. त्याने पाकीट खिशात टाकलं आणि फासे उचलले.

ते बघणं सोपं नव्हतं. फासे त्याच्या मुठीत खुळखुळत, तो टाकण्याआधीच. कधी तिरके जात, कधी टेबलाबाहेर. बाहेर पडलेले आम्ही धरले नाहीत. तीन ठिपके वर नाहीत, बोटं तीन नाहीत, श्वास तर कुठल्या कुठे. वर्लीन दाणे टाकत होती. शंभराच्या पुढे गेल्यावर लोक पुढे सरकले आणि मोठ्याने मोजू लागले.

एकशे वीस. पेल्यातले दाणे वर्लीनने टेबलावर ओळीने मांडले. एकोणीस.

"दोन कमी!" मागचा ओरडला. "ओडेल प्रोफेसरांहून भारी!"

"भारी-बिरी काही नाही," मी म्हटलं. "उद्या टाकले तर बावीस पडतील, परवा अठरा. वीसच्या आसपास फिरत राहायचं, हात कोणाचाही असो. इकडे बघा." मी एक फासा टेबलावर ठेवला, दोन वर. "याच्याबरोबर सात व्हायला दुसऱ्यावर काय पाहिजे?"

"पाच," वर्लीन म्हणाली.

"एकच बाजू. याच्यावर सहा असले तर?"

"एक."

"पहिल्यावर काहीही असू दे, दुसऱ्याच्या सहा बाजूंपैकी एक बाजू सात करतेच. म्हणून सहा दानांत सरासरी एकदा तो येणार. एकशे विसात वीसदा. नाव घ्या नाहीतर नका घेऊ, त्या रबरी खवल्यांवर आपटून उडाल्यावर फाशाला पकड आठवत नाही, प्रेम आठवत नाही. आधी काय पडलं तेही आठवत नाही. आणि ती पहिली चौदा दानं? तेरा-चौदा जणांना फासे टाकायला लावा, त्यातल्या एखाद्याच्या हातून तसं होतंच. आपण त्या एकाला प्रोफेसर म्हणतो आणि बाकीच्यांना घरी पाठवतो."

प्रोफेसर मात्र पोहणारा माणूस. लगेच वर आले. "बघितलंत? ब्रदर ओडेलने आठवडाभर माझं कडं घातलंय! त्या कड्यानेच लाल्या दबला!"

मिस क्लिओथा काठी टेकत उभ्या राहिल्या. "म्हणजे लाल्या आला की आमचं मन वाईट, आणि नाही आला की तुझं कडं चांगलं? बाळा, असा धंदा मला का नाही सुचला? तीन नवरे पोसले असते मी."

हशा पिकला, आणि हशात चमत्कार टिकत नाही. मोतिया सूट वह्या गोळा करू लागला. मी एक वही ठेवून घेतली. गावात अजून दाखवते ती. फासे खेळायचेत ना, खुशाल खेळा. वीस डॉलर मजेचे म्हणून न्या आणि हरून या, मी पण जाते. पण कोणी चमत्काराचा हिशेब पुढे केला, मग तो फाशांचा असो, औषधाचा असो की प्रार्थनेचा, तर त्यात काय लिहिलंय ते नंतर बघा. आधी विचारा, यात रकाना कशाचा नाही? ज्याचं नाव घ्यायला आपण घाबरतो, ते आपण मोजत नाही. आणि जे मोजत नाही, त्याच्यावर कोणीही दुकान थाटतं.

लोक पांगले. आम्ही चौघं उरलो. हॉटेलवाल्याने तळलेला मासा आणि पीचची गोड थाळी आणून ठेवली. ओडेलने काटा उचलला. तो ताटलीवर टकटक वाजू लागला.

"पीच यंदा लवकर आले," मिस क्लिओथा घाईने म्हणाल्या.

"पाऊस बरा झाला ना," मी म्हटलं.

"चवळी पण भरपूर आली," वर्लीन म्हणाली.

ओडेलने मनगटातलं कडं काढून ताटलीशेजारी ठेवलं. मग आयुष्यभर ज्या हाताने त्याने गावाच्या माना सांभाळल्या, तो हात टेबलाच्या मधोमध आणून उघडा ठेवला. लपवला नाही. आम्ही तिघी मिठाच्या डबीकडे बघत राहिलो.

"मेम्फिसला फोन केलास का गं, रद्द करायला?" त्याने विचारलं.

"नाही केला," वर्लीन हळूच म्हणाली. "करते म्हटलं तुला, पण नाही केला."

"बरं झालं." तो आपल्या हाताकडे बघत होता. "तिथं गेल्यावर सांगावं लागेल ना काय होतंय ते. मग इथंच एकदा म्हणून बघतो. माझा हात थरथरतो, वर्लीन. वर्ष झालं. थांबत नाही, आणि मला भीती वाटते."