आमिषाचे बटाटे

रोस्विथाने वाफ्यातली पहिली काडी उपटली. टोकाला खोचलेल्या अर्ध्या बटाट्यात पिवळ्या, तारेसारख्या ताठ अळ्या घुसल्या होत्या. अकरा. पुढच्या काडीला सात. तिने त्या साबणाच्या पाण्यात टाकल्या आणि बटाटा पुन्हा पुरला. अळ्यांना आमिष म्हणून पुरलेल्या अशा चाळीस काड्या होत्या.

"परत मोजतेस? आता बारसं करून टाक त्यांचं," कुंपणापलीकडून डेटलेफ म्हणाला.

"तू गप्प बस. हिरवळ उलथ म्हणून तूच सांगितलंस."

"उलथ म्हटलं गं. खाली कोण झोपलंय ते मला काय ठाऊक!"

शहरातल्या लोकांना भाड्याने बागा देणाऱ्या बागसंघाचा नियम होता, एक तृतीयांश जागेत भाजी हवीच. तिच्या नवऱ्याने, होर्स्टने, वीस वर्षं नुसती हिरवळ राखली. हिवाळ्यात तो गेला आणि मार्चमध्ये संघाची शेवटची ताकीद आली: जूनच्या पहिल्या शनिवारी पाहणी, भाजी नसेल तर बाग परत. तिने एकटीने हिरवळ खणली. गवताच्या मुळांवर वर्षानुवर्षं पोसलेल्या अळ्या उपाशी पडल्या आणि तिने पेरलेल्या प्रत्येक भाजीच्या मुळांवर तुटून पडल्या.

"बाजारातून रोपं आणून खोच," डेटलेफने सुचवलं. "पाहणीवाल्यांना वरचं हिरवं तेवढं दिसतं."

तिने लेट्यूसची तीस रोपं लावली. चौथ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. एक ओढलं, तर हातात नुसती पानं आली. रोस्विथा तिथेच मातीत बसली. त्यानंतर ती बागेत फिरकलीच नाही. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, होर्स्टच्या रिकाम्या खुर्चीसमोर, दिवस काढत राहिली.

पाहणीच्या शनिवारी ती फक्त बागेची किल्ली परत द्यायला गेली. संघाच्या अध्यक्षा श्रोएडरबाई वही घेऊन वाफ्यापाशी उभ्या होत्या. प्रत्येक काडीशेजारी गडद हिरव्या पानांचा झुबका आला होता.

"बटाटे होय! उशिरा लावलेत, पण भाजीत धरतो आम्ही."

बाईंनी वहीत बरोबरची खूण केली आणि त्या पुढच्या बागेकडे वळल्या.

"ओळी मात्र सरळ आल्यात हं," डेटलेफ हळूच म्हणाला.

तिने एक काडी उपसली. बटाट्याची चाळण झाली होती. तेरा अळ्या. पण कोंबाच्या डोळ्यापाशी पांढरी मुळं फुटली होती, अजून न कुरतडलेली. तिने अळ्या एकेक करून वेचल्या, बटाटा जपून पुरला आणि दुसऱ्या काडीला हात घातला. किल्ली तिच्या खिशातच राहिली.