न्हाऊ घातलेलं पिल्लू

बिबट्याच्या पिल्लाला मनकर्णाबाईंनी ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, वर ओव्याची धुरीही दिली होती! करुणानं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

कन्नड तालुक्यातल्या या गावात ती तीन वर्षं बिबट्यांविषयी सभा घेत होती. उसात पिल्लू दिसलं तर हात लावू नका, आई जवळच असते, हे तिनं घसा बसेपर्यंत सांगितलं होतं. कंपनीत चिकटायचं सोडून पोरगी गावोगाव बिबट्याचं कीर्तन करत हिंडते, असं शहरात, बजाजनगरच्या कामगार वस्तीत, तिचे वडील सगळ्यांना सांगत. घ्या, त्या कीर्तनाचं हे फळ!

"आजी, हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं हो!"

"मला कुणी सांगितलं?" मनकर्णाबाई फणकारल्या. "तुझी सभा पारावर. तिथं आम्ही बाया बसतो व्हय? ऊस तोडताना पाचटात सापडलं, लई थरथरत व्हतं, आईचा पत्ता नाय. आख्ख्या गावाची लेकरं न्हाऊ घातली म्या. ह्याला काय टाकून देऊ?"

करुणानं मोबाईल काढून बघितला. तीन वर्षांच्या सभांच्या फोटोंत नुसत्या टोप्या होत्या. मोळ्या बांधणारी, पिल्लू सगळ्यांत आधी बघणारी बाई एकाही फोटोत नव्हती. चूक म्हातारीची नव्हतीच.

"आता ओव्याच्या वासानं आईनं ओळखलं नाय तर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तर जन्मभर पिंजरा," करुणाबरोबर आलेले वनरक्षक बद्रीनाथ म्हणाले.

म्हातारीचा चेहरा उतरला. सापडलं त्याच सरीतलं पाचट आणून तिनं पिल्लाच्या अंगावरून फिरवलं. दिवस मावळायच्या आत पिल्लू टोमॅटोच्या कॅरेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवलं, बद्रीनाथांनी शेजारी कॅमेरा बांधला.

सकाळी करुणा पोचली, तर मनकर्णाबाई आधीच बांधावर बसलेल्या. कॅरेट आडवं पडलेलं, रिकामं.  करुणानं कॅमेऱ्यातलं रात्रीचं चित्रण लावलं.

मादी आली होती. तिनं पिल्लाला हुंगलं आणि मागं सरली. दोनदा मागं सरली. तिसऱ्यांदा मात्र तिनं पिल्लू डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं आणि तोंडात धरून नेलं.

"अगं बया! माझी अंघोळ पटली नाय तिला," मनकर्णाबाई रडता रडता हसल्या. "पुन्यांदा न्हाऊ घातलं बघ."

करुणानंही डोळे पुसले. "आजी, पुढची सभा तुमच्या ओट्यावर. बायांची. बोलणार तुम्ही."

"मी काय बोलू पोरी?" मनकर्णाबाईंनी रिकामं कॅरेट उचलून काखेत मारलं. "सांगते की. ज्याची त्याची आई हाय म्हणावं. तिला येऊ द्या."